शॉकॲब्सॉर्बर, अँटी-रोल बार की उंच स्प्रिंगा? मराठवाड्यातील रस्त्यांसाठी एसयूव्हीची निवड

एसयूव्ही वळणावर फार कलते आणि वेगात डोलते, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसापुढे बहुधा तीन पर्याय ठेवले जातात: चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर, जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी) आणि गाडी उचलून धरणाऱ्या कडक स्प्रिंगा. यांपैकी कशावर आधी खर्च करावा, हे गाडीइतकेच ती ज्या जमिनीवरून धावते तिच्यावर अवलंबून असते.

मराठवाड्यातील बरेच रस्ते काळ्या मातीतून गेले आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबरी थर तिच्याबरोबर खालीवर होत लाटांसारखा बनतो. खड्डा निदान दिसतो, लाट मात्र दिसत नाही, आणि ८०च्या वेगात अशा दोन-तीन लाटा लागोपाठ आल्या की उंच गाडी तरंगू लागते. हे तरंगणे आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे आहे, कारण स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा तोच तेलामार्फत उष्णतेत घालवतो. अँटी-रोल बारचा येथे उपयोग नाही. दोन्ही चाके एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, डाव्या-उजव्या चाकांच्या उंचीत फरक पडला तरच पिळला जाऊन विरोध करतो.

याच गुणामुळे वळणावर मात्र बार सरस ठरतो. शॉकॲब्सॉर्बर गाडीचे कलणे सावकाश करतो, लांब वळणावर ती अखेर किती कलेल हे बदलत नाही. बार ते प्रत्यक्ष कमी करतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने २४ मिलिमीटरऐवजी २७ मिलिमीटरचा भरीव बार घेतला तर तो सुमारे ६० टक्के अधिक कडक होतो. ज्यांचा बहुतेक प्रवास समृद्धी महामार्गावर किंवा मांजरसुंब्याच्या घाटातून होतो, त्यांना हा फरक जाणवेल. पण एकच चाक खड्ड्यात गेले तर जाड बार तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो आणि प्रवाशांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. गावरस्त्यांवर ही किंमत मला जास्त वाटते. केवळ मागचा बार फार जाड केल्यास ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोकाही वाढतो.

शॉकॲब्सॉर्बरमध्येही निवड करावी लागते. उच्च दाबाच्या नायट्रोजनच्या एकनळी प्रकारात तेलाला फेस येत नाही आणि उष्णता लवकर बाहेर जाते, म्हणून मे महिन्यातील उन्हात दीर्घ प्रवास करणाऱ्यांना तो उत्तम. मात्र त्याच्या नळीला उडालेल्या दगडाने पोचा पडला तर आतला दट्ट्या अडकू शकतो. शेतापर्यंत खडीच्या वाटेने रोज जाणाऱ्याने जाड बांधणीचा दुहेरी नळीचा (दट्ट्या आतल्या नळीत असलेला) प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे.

गाडी उचलणाऱ्या स्प्रिंगांची मागणी मोठी आहे आणि मागे कायम पोती किंवा जड सामान असेल तर कडक स्प्रिंगा योग्यही आहेत. परंतु उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणजे जी तक्रार घेऊन आपण निघालो तिलाच बळ मिळते. शिवाय कडक स्प्रिंगेची उसळी जुन्या शॉकॲब्सॉर्बरला आवरत नाही, त्यामुळे तो खर्च टळत नाहीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, हेही आधी पाहावे; बदलाची माहिती विमा कंपनीला द्यावी.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी झिजलेले बुश (सांध्यांतील रबरी अस्तर), बारला चाकाच्या बाजूशी जोडणारे लिंक रॉड आणि टायर, मग चारही शॉकॲब्सॉर्बर, आणि काही महिने चालवून वळणावरचे कलणे खरोखर खटकले तरच बार. बसवताना बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळून घ्यावेत. चाके लटकत असताना आवळलेले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.