आठवण काढणे आणि आठवण येणे : संकलनातल्या दोन वाटा

मराठीत माणूस आठवण काढतो आणि माणसाला आठवण येते. चित्रपटाच्या कथेत भूतकाळ कुठे आणि कसा पेरायचा हे ठरवण्यासाठी संकलनाला (चित्रित शॉट निवडून जोडायला) बसलेल्या व्यक्तीने, आपल्या पात्राच्या बाबतीत यांपैकी काय घडते आहे, हे सर्वांत आधी निश्चित करावे. सलग फ्लॅशबॅक (भूतकाळातले पूर्ण दृश्य) आणि काही फ्रेम्सचे, म्हणजे चित्रपटातल्या मोजक्या सुट्या चित्रांचे, निसटते तुकडे या दोन पद्धतींमधला खरा फरक तिथेच आहे.

सलग फ्लॅशबॅकमध्ये पात्र स्वतःहून मागे वळते. ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटात बातमीदार मृत केनच्या परिचितांना गाठून प्रश्न विचारतो, आणि सांगणाऱ्याचे चालू दृश्य हळूहळू विरघळून जुन्या दृश्यात मिसळते. प्रेक्षकाला स्थळकाळ उमगायला सवड मिळते आणि माणसांविषयी ओढ निर्माण व्हायला लागणारा वेळही मिळतो. माया, विरह, पश्चात्ताप या भावना घाईने उभ्या राहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी हीच पद्धत सुचवीन. मात्र तेवढा वेळ वर्तमान थांबून राहतो, आणि परतल्यावर मूळ प्रसंगातला ताण पुन्हा उभा करावा लागतो.

नको असलेली आठवण अशी परवानगी मागत नाही. सिडनी ल्युमेट यांच्या ‘द पॉनब्रोकर’ (१९६४) मध्ये छळछावणीतून वाचलेल्या नायकाच्या डोळ्यांपुढे भूतकाळ आधी अवघ्या काही फ्रेम्सपुरता चमकून जातो. पुढे हे तुकडे लांबत जातात आणि अखेर संपूर्ण दृश्यच त्याचा ताबा घेते. संकलक राल्फ रोझेनब्लम यांनी केलेली ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण आठवण दडपण्याची त्या माणसाची धडपड आणि तिचे हरणे आपल्याला संवादांतून नव्हे, तर शॉटच्या वाढत्या लांबीतून कळते. ‘हिरोशिमा मोनामूर’ (१९५९) मध्ये झोपलेल्या प्रियकराचा हात पाहताच नायिकेला दुसराच एक हात क्षणभर दिसतो. तो कोणाचा, हे प्रेक्षकाला तेव्हा ठाऊक नसते.

तुकड्यांची पद्धत निवडणार असाल, तर चित्रीकरणाच्या वेळीच तिची तयारी हवी. सेकंदाला २४ फ्रेम्स या गतीने सहा फ्रेम्स म्हणजे पाव सेकंद. एवढ्या वेळात हात, चेहरा किंवा एखादी वस्तू ओळखता येते, पण माणसांनी भरलेला लांबचा शॉट वाचता येत नाही. शिवाय हे तुकडे धक्का आणि बेचैनी उत्तम पोहोचवतात, पण जिव्हाळा निर्माण करू शकत नाहीत. पुढे कुठेतरी पूर्ण दृश्य आले नाही, तर बेचैनीची जागा गोंधळ घेतो.

या दोहोंच्या मधलीही एक वाट आहे. ‘मँचेस्टर बाय द सी’ (२०१६) मध्ये वकिलाच्या कचेरीत बसलेल्या नायकाला भूतकाळ कोणत्याही खुणेविना गाठतो, तरीही तो प्रसंग सविस्तर उलगडतो: आगमन न बोलावता आलेल्या आठवणीचे, लांबी मात्र सलग फ्लॅशबॅकची. दुःख खोल असूनही पात्र त्याविषयी बोलणारे नसेल, तर मी हीच वाट निवडीन.

‘मेमेंटो’ (२०००) सारखी उलट्या क्रमाची रचना मी या तुलनेत धरत नाही. तिथली रंगीत दृश्ये मागे मागे जातात, त्यामुळे नायकाप्रमाणे प्रेक्षकालाही आधी काय घडले हे माहीत नसते. ती स्मरणापेक्षा विस्मरणाची अनुभूती देते आणि त्यासाठी मुळात पटकथाच तशी लिहावी लागते.

कोणतीही वाट घेतली, तरी परतीचा कट, म्हणजे आठवणीतून वर्तमानात परत आणणारा शॉटचा जोड, आधी ठरवून ठेवावा. आठवणीआधी दिसलेल्या त्याच चेहऱ्यावर परत यायचे असेल, तर तो शॉट पुरेसा लांब चित्रित झालेला असणे आवश्यक आहे. कारण चेहरा तसाच असला, तरी आता प्रेक्षक त्यात काही वेगळे वाचणार असतो, आणि त्यासाठी त्याला दोन-तीन सेकंद निःशब्दपणे पाहू द्यावे लागते.