विडी कामगार बायकांचा सर्वे: यादीतनं रँडम की स्नोबॉल?

निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी सॅम्पल, म्हणजे सगळ्यांतनं विचारायला निवडलेल्या थोड्या बायका, कसं घ्यायचं हे आधी ठरवा, नाहीतर सगळा सर्वे वाया जातोय बघा.

रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकून, घ्यायचं तर आधी पूर्ण यादी पाहिजे. समजा यादीत 1000 नावं आहेत आणि 50 पाहिजेत, तर 1 ते 20 मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा, 7 आला तर 7, 27, 47 असं पुढं जायचं, रँडमच्या ह्या पद्धतीला सिस्टिमॅटिक म्हणतात. ह्यात प्रत्येकीला सारखा चान्स असतो म्हणून निकाल सगळ्यांना लावता येतो, चूक किती होऊ शकते तेपण काढता येतं. पण दार बंद दिसलं म्हणून शेजारणीला विचारून फॉर्म भरायचा नाही, परत जायचंच.

आता अडचण अशी की घरात बसून, कुणाच्यातरी दुसऱ्याच्या नावावर विड्या देणारी बाई कुठल्याच यादीत नसते. तिथं स्नोबॉल. एक मावशी भेटली की तिलाच विचारायचं अजून कोण वळतंय, ती जावेचं नाव सांगते, जाऊ मैत्रिणीचं. लिओ गुडमन ह्या संख्याशास्त्रज्ञानं 1961 मध्ये ह्याचं गणित मांडलं. पण नावं एकाच गल्लीत, एकाच समाजात फिरत राहतात, म्हणून सुरुवात चार वेगळ्या वस्त्यांतनं करा, आणि त्यावरनं टक्केवारी अजिबात काढू नका.

मजुरी, खोकला, पाठदुखी ह्याबद्दल खोलात ऐकायचं असेल तर मी स्नोबॉलच घेईन, कारण यादीबाहेरच्या बायकांचंच कुणी ऐकत नाही. किती टक्के बायकांना त्रास आहे हे सांगायचं असेल तर मात्र रँडमच.