एआरटी केंद्रातील नागिणीचे उपचार : डॉक्टर उत्तम, बाकडे धोक्याचे

माझ्या भाच्याला जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेली असून गेली चार वर्षे त्याची औषधे आमच्या जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रातून, मोफत मिळतात. गेल्या महिन्यात सात वर्षांच्या या मुलाच्या पाठीच्या कण्यापासून उजव्या कुशीपर्यंत पाणीदार फोडांचा पट्टा उठला आणि सदरा नुसता टेकला तरी तो कळवळू लागला. शेजारच्या आजींनी गेरू लावायला सांगितले, शिवाय नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस हाती लागत नाही, हेही ऐकवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही केंद्र गाठले.

तेथील डॉक्टरांविषयी तक्रारीला जागा नाही. त्यांनी आधी त्याचे डोळे आणि नाकाचा शेंडा पाहिला, कारण पुरळ तेथे असते तर नेत्रतज्ज्ञांकडे धाव घ्यावी लागली असती. मग वजन केले, ते २० किलो भरले; किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने असायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, भरपूर पाण्यासोबत, लिहून दिली. पुरळ अंगभर पसरले किंवा धाप लागली तर भरती करून हेच औषध शिरेतून द्यावे लागेल, असेही बजावले. तीन वर्षांचा असताना, रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी फार खाली गेलेल्या होत्या तेव्हा, त्याला कांजिण्या आल्या होत्या. तोच विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि अशा मुलांमध्ये कोवळ्या वयातच नागीण होऊन उठतो, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी नीट समजावून सांगितले.

मात्र या डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी आम्ही दोन तास एकाच लांब बाकड्यावर बसून होतो. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना नागिणीच्या फोडांतील पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात, आणि आमच्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर तान्हे बाळ होते. हे लक्षात येताच मी ओढणीने पट्टा झाकला आणि भाच्याला घेऊन जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. पुरळ आलेल्या मुलासाठी एक खुर्ची बाजूला ठेवायला कोणता निधी लागतो, हे मला कळत नाही. पुढे त्वचारोग विभागाच्या खिडकीवर ‘एआरटीवाला मुलगा’ अशी जाहीर हाक आली. संमतीवाचून अशी वाच्यता करायला २०१७च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. केंद्रातील समुपदेशक ताईंनी त्या कर्मचाऱ्याला जागच्या जागी सुनावले, म्हणून निदान एवढी नोंद त्यांच्या बाजूने करते.

घरी माझी पाच वर्षांची मुलगी आहे. तिला कांजिण्या झालेल्या नव्हत्या आणि ही लस सरकारी लसीकरणात नसल्यामुळे आम्ही ती दिलेलीही नव्हती. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिल्यास उपयोग होतो, असे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले, तेव्हा त्याच संध्याकाळी खासगी दवाखान्यात विकतची लस टोचून घेतली. दुसरा डोस तीन महिन्यांनी आहे. आठव्या दिवशी भाच्याच्या फोडांवर खपली धरली, तोवर दोघांची अंथरुणे मी वेगवेगळ्या खोल्यांत घालत होते.