आगीतील मृत्यूच्या तपासावरील प्रशिक्षणवर्ग : एका वकिलाचा अभिप्राय

म्हापशाच्या न्यायालयात फौजदारी खटले चालवताना जळीत प्रकरणांची कागदपत्रे वारंवार हाताळावी लागतात, म्हणून पणजीत भरलेल्या या दोन दिवसांच्या वर्गाचे शुल्क मी फारसा विचार न करता भरले. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला. त्या रात्रीची धग अजून निवलेली नाही, हे वर्गातील वकील, डॉक्टर आणि पोलिसांची दाटी पाहून जाणवले.

पहिल्या दिवसाचे न्यायवैद्यक सत्र पुरेपूर पैसे वसूल करणारे होते. मृत्यूचे कारण (शरीराला नेमके काय झाले) आणि मृत्यूचा प्रकार (अपघात, आत्महत्या की खून) यांची आपण वकीलमंडळी सर्रास गल्लत करतो. श्वासनलिकेत काजळी सापडली आणि रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन (धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू चिकटलेले हिमोग्लोबिन) ५० टक्क्यांच्या वर भरले, तर आग पेटली तेव्हा तो माणूस श्वास घेत होता एवढेच कळते. तो अपघात होता, आत्महत्या होती की गुंगीतल्या माणसाला कोणी खोलीत कोंडले होते, हे काजळी सांगत नाही. उलट, भडका क्षणात उडाला असेल तर जिवंतपणी जळालेल्याच्या श्वासनलिकेतही काजळी नसू शकते. काजळी नाही म्हणजे आधीच मारून टाकले, असा युक्तिवाद मी स्वतः एकदा ठासून केला होता. तो आठवून बसल्या जागी कान तापले. कोपर दुमडलेला, मुठी वळलेला देह झटापटीची खूण नसून उष्णतेने स्नायू आखडल्याचा परिणाम असतो आणि कवटीखाली साकळलेले रक्तही निव्वळ उष्णतेमुळे असू शकते, हे छायाचित्रांसह दाखवले गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानात प्लायवूडची खोली उभारून, आत जमिनीवर कपडे घातलेला पुतळा ठेवून ती रॉकेलने पेटवण्यात आली. विझल्यावर पुतळा उचलला, तेव्हा काळ्या पडलेल्या लाद्यांवर पाठीच्या आकाराचा स्वच्छ ठसा उमटलेला होता आणि पाठीखाली दबलेल्या सदऱ्याच्या तुकड्याला रॉकेलचा वास स्पष्ट येत होता. तोच तुकडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आमच्या हाती दिला, तरी बाहेरून वास येतच राहिला. असा पुरावा ठेवायला हवाबंद पत्र्याचा डबा का वापरायचा, हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

कायद्याचे सत्र मात्र फसले. वक्त्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी तपास व खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याची, कलमे पडद्यावरून नुसती वाचून काढली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे कलम १७६(३) सांगते. पण आगीतील मृत्यूची नोंद बहुधा प्रथम कलम १९४ खाली अनैसर्गिक मृत्यू म्हणून होते, तेव्हा गुन्हा आहे की नाही हेच ठरलेले नसते. मग तज्ज्ञाला बोलवायचे कोणत्या आधारावर? मी हे विचारले, तेव्हा चहाची वेळ झाल्याचे जाहीर करण्यात आले.

सर्व टिपणे इंग्रजीत होती, हीही मोठी उणीव. घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचणारा आणि पंचनाम्याच्या वेळी पंचांना शब्द सुचवणारा हवालदार मागच्या बाकावर ती चाळत बसला होता. वकिलांनी व डॉक्टरांनी हा वर्ग जरूर करावा. पोलीस ठाण्यांनी आपली माणसे पाठवण्यापूर्वी मराठी किंवा कोकणी टिपणांची मागणी लेखी करावी.