हळद शिजवायचा वाफेचा बॉयलर : हंगामभर वापरल्यावर, पाण्याच्या पातळीबद्दल

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमची आणि भावकीतली हळद या बॉयलरवर शिजवली. वाळवा तालुक्यातली काळी रानं, सगळी सेलम जातीची हळद. शिजवणीबद्दल तक्रार नाही. काहिलीपेक्षा (उघड्या मोठ्या कढईपेक्षा) जळण कमी लागतं, गड्डे आणि हळकुंडं वाफ सोडायच्या वेगवेगळ्या ड्रमात घालता येतात, काडी टोचली की सहज आत जाते. घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. फक्त ड्रम किती, हे विचारायच्या आधी पाण्याची काच, म्हणजे आतली पातळी दाखवणारी बाहेरची काचेची नळी, कशी बसवली आहे ते बघा.

काचेत दिसतं तेवढंच पाणी आत आहे, असं सगळे धरून चालतात. ते दरवेळी खरं नसतं. काचेची वरची वाट वाफेत उघडते, खालची पाण्यात. वरची वाट चोंदली की काचेत अडकलेली वाफ थंड होऊन पाणी चढतं आणि काच भरलेली दिसते, आत पाणी तळाला गेलं असलं तरी. म्हणून वाफ धरल्यावर रोज काचेखालचा कॉक उघडून पाणी सोडायचं आणि बंद करायचा. पाणी झटकन खुणेवर आलं तर काच बरोबर. रेंगाळत आलं तर आधी वाट साफ करा, मग हळद भरा.

काचेत पाणी दिसेनासं झालं तर गडी पहिल्यांदा पंपाकडे धावतो. त्याला तिथंच अडवा. तापून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर एका लिटरची सुमारे १,७०० लिटर वाफ होते, तीही एका दमात. आधी जाळ ओढून बाहेर काढायचा, बॉयलर आपोआप निवू द्यायचा. त्या दिवशीची हळद राहिली तरी चालेल.

बोअरच्या पाण्याने आमच्याकडे खरा त्रास दिला. क्षार साठले की पाणी फेसाळतं, काचेत वरखाली नाचतं, आणि वाफेबरोबर पाणीच ड्रमात जातं. पातळी भराभर उतरते, वर हळदही ओली राहते. बॉयलरच्या तळाच्या कॉकमधून रोज थोडं गढूळ पाणी सोडायला लागल्यापासून नाच थांबला. नदीचं पाणी गाळून मिळत असेल तर तेच वापरा.

सकाळी काच काठोकाठ भरलेली दिसायची, रात्री कुणी पाणी घातलेलं नसताना. बॉयलर निवला की आतली वाफ आटते, पोकळी होते, आणि पाण्याच्या टाकीतलं पाणी आत ओढलं जातं. दाब उतरल्यावर वरचा हवेचा कॉक उघडा ठेवला की हे होत नाही. उलट पंप बंद असताना त्याची नळी हाताला गरम लागत असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेत) कचरा अडकलाय, पाणी मागे येतंय.

बनवून देणाऱ्याने काच एकच दिली, जादा दिली नाही. ऐन मार्चमध्ये काच तडकली की शिजवणी बंद पडते, तेव्हा पैसे देतानाच जादा काच आणि तिचे रबरी वायसर मागून घ्या.