जावाला ‘नवे’ टायर घेताना झालेली फसवणूक

कोल्हापुरात जुन्या जावा-येझदी मोटारसायकली जिवापाड जपणारे पुष्कळ लोक आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या बाबतीत जे झालं ते त्यांच्यापैकी कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आणि यात नुसते पैसे जात नाहीत, माणूस जाऊ शकतो.

आमच्या आण्णांची जावा २५० म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. इंजिनाचं काम उद्यमनगरातला जाणता मिस्त्री आजही करून देतो, सुटे भागही शोधले की मिळतात. गाडी अडते ती टायरपाशी. बुलेटचा १९ इंची रिमचा टायर कुठंही मिळेल, पण जावाचा ३.२५-१६ (सव्वातीन इंच रुंद, १६ इंची रिमचा) दुकानात सहसा नसतोच. ही अडचण नेमकी हेरून बसलेली माणसं आहेत.

शहरातल्या एका दुकानदारानं ‘शेवटचे दोन नग’ दाखवले. काळेभोर, नक्षी पूर्ण, अंगावर रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. कोणत्या सालचा माल, असं मी स्पष्ट विचारलं. “यंदाचाच हाय मालक. केस बघा की, रस्ताच बघितला न्हाई त्यानं अजून.” गाडी त्याच्या दारातच लावलेली. त्याच्या पोरानं चाकं काढून आत नेली आणि टायर चढवून बाहेर आणली. नव्या मालाचा पूर्ण भाव घेतला. बिल मागितल्यावर कुरकुर केली, मग ‘टायर २ नग’ एवढंच लिहून दिलं.

पावसाच्या पहिल्या सरी झाल्या आणि मुलीला मागे बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या वळणावर वेग काहीच नव्हता. तरी मागचं चाक साबणावर पडावं तसं सरकलं. पाय टेकून गाडी सावरली, समोरून एसटी येत होती. ते आठवलं की अजून राग येतो, कारण टायर विकणाऱ्याला माल काय आहे हे पक्कं ठाऊक होतं.

परत आल्यावर मिस्त्रींनी चाक काढलं आणि ओलं फडकं घेऊन टायर पुसला. फडकं काळं झालं. वरचं पॉलिश निघालं तशी टायरच्या बाजूला बारीक भेगांची जाळी दिसायला लागली. मग चेनकव्हरकडच्या बाजूवर, जिथं सहज कुणाची नजर जात नाही, तिथं लंबगोलात चार आकडे सापडले: ३६११. म्हणजे २०११ सालचा ३६ वा आठवडा. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजू उघड्या असतात. म्हणून तिथं आकडेच घासून काढले होते आणि त्यावर पॉलिशचा हात फिरवला होता.

केस आणि नक्षी पाहून टायर एकदाही रस्त्यावर आला नाही एवढंच कळतं, वय कळत नाही. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी रबर गोदामात पडल्या पडल्याही कडक होत जातं. नक्षी जशीच्या तशी राहते, पकड मात्र जाते, आणि ओल्या रस्त्यावर ते आधी कळतं. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर टायर बदलाच, असं सांगतात. माझ्या गाडीला चढवलेला टायर ती मुदत कधीच ओलांडून बसला होता.

म्हणून आकडे वाचायचे ते टायर रिमवर चढायच्या आधी. पूर्ण तारीख बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते, तेव्हा दोन्ही बाजू फिरवून बघा. चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. आकड्यांची जागा गुळगुळीत लागली तर पुढं बोलूच नका. पॉलिश मारलेला टायर ओल्या फडक्यानं पुसून मागा आणि बाजूचं रबर वाकवून बघा. मिटलेल्या भेगा तेव्हा उघडतात.

दुसरा एक प्रकार त्याच दुकानात कानावर आला: “१६ चाच पाहिजे न्हवं? मग एक्सएलचा बसतोय की.” टीव्हीएस एक्सएल या हलक्या मोपेडचा २.५०-१६ जावाच्या रिमवर चढवतीलही. पण त्यावर ४१एल लिहिलेलं असतं. ४१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १४५ किलो भार. एवढ्या जड गाडीवर दोन माणसं बसली की मागच्या चाकावर किती वजन येतं ते मिस्त्रींना विचारा. कृपा करून हा जुगाड करू नका.

दुकानदारानं “वापरलेला माल परत घेत न्हाई” म्हणून हात वर केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. असा टायर कुणाच्या गळ्यात मारला गेला असेल तर तो रागानं भंगारात देऊ नका. भेगांचे आणि आकड्यांचे, किंवा घासलेल्या जागेचे फोटो काढून बिलासोबत ठेवा. बिलावर साईज लिहिली नसेल तर टायरच जपून ठेवावा लागतो.