आठवड्याला बारा तासांचं मूत्रपिंड : हिमोडायलिसिस सेवेचं परीक्षण

डायलिसिस सेंटरची परीक्षा दारातल्या वजनकाट्यापासून सुरू करावी. पेशंट काट्यावर उभा राहतो, आकडा येतो ५४.६. ठरलेलं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, सेंटरमध्ये सगळे ज्याला ड्राय वेट म्हणतात ते, ५२. फरक २.६ किलो, म्हणजे २.६ लिटर पाणी काढायचं. शेवटी नळ्यांमधलं रक्त परत देताना आत जाणारं सलाइन आणि मधे प्यालेला अर्धा कप चहा मिळून ३०० मिली धरायचे, आणि मशीनमध्ये २.९ हा आकडा भरायचा. आता या माणसाच्या अंगात मागच्या खेपेला नसलेला स्वेटर आहे, खिशात मोबाइल आणि किल्ल्या, पायात चपला. झालं, किलोभर खोटं वजन. मशीन काही विचारत नाही. सांगितलेलं पाणी ते खेचतं. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळे येतात, बीपी पडतो, आणि नातेवाईक ठरवून टाकतात की इथलं मशीन खराब आहे.

मशीन क्वचितच खराब असतं. पेशंट ज्या त्रासाला ‘डायलिसिसचा त्रास’ म्हणतात, त्यातला मोठा भाग पाणी काढण्याच्या वेगाचा त्रास असतो. म्हणून या परीक्षणात एसी, टीव्ही आणि खुर्चीच्या गादीला आम्ही एकही गुण दिलेला नाही.

वेगाचा हिशोब कुणालाही करता येतो. किलोमागे ताशी १३ मिलीच्या वर पाणी काढू नये, हा सर्वसाधारण दंडक. ५२ किलोला ताशी ६७६ मिली. म्हणजे वरचे २.९ लिटर काढायला चार तास सतरा मिनिटं लागतात. तीन शिफ्टची घाई असलेल्या सेंटरमध्ये याच पेशंटला साडेतीन तासांत उठवलं, तर वेग किलोमागे १६ मिलीच्या आसपास जातो. फाइलमध्ये ‘४ तास’ लिहिलेलं असतं. सुया लागून पंप सुरू झाला ती वेळ आणि बंद झाला ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. अलार्म वाजून पंप थांबला तो वेळ त्यातून वजा होतो. महिनाभराच्या अशा नोंदी हीच सेंटरची खरी गुणपत्रिका.

वेगाने एवढं का बिघडतं? मशीन पाणी ओढतं ते रक्तातून, आणि रक्तातला पातळ भाग मोठ्या माणसात असतो जेमतेम तीन लिटर. सूज असते ती मात्र ऊतींमध्ये, म्हणजे पायात, फुप्फुसात, पोटाच्या भिंतीत. तिथलं पाणी झिरपत रक्तवाहिन्यांत येतं आणि ओढलेल्याची भरपाई करतं. झिरपण्याचा वेग ओढण्याच्या वेगापेक्षा कमी पडला की वाहिन्या रिकाम्या होऊ लागतात. त्यामुळे पाय सुजलेला माणूससुद्धा टेबलावर बीपी ८० ला आणून ठेवतो आणि घरच्यांना कळत नाही की एवढं पाणी असताना बीपी कसा पडला. हृदयालाही याचा फटका बसतो. डायलिसिस चालू असताना हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग रक्त कमी पडून तात्पुरता मंदावतो. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं असं होत राहिलं की तो मंदपणा कायमचा होतो. छातीत दुखलंच पाहिजे असं नाही.

बीपी पडण्याआधी शरीर सांगतं. वारंवार जांभया, कपाळावर गार घाम, पोटात ढवळणं, अस्वस्थ होऊन कूस बदलत राहणं. चांगला टेक्निशियन जांभईलाच उठून येतो. मग पाणी काढणं थांबवायचं, डोकं खाली पाय वर, लागलंच तर १०० ते २०० मिली सलाइन. वाईट सेंटरमध्ये सलाइन देतात, पाच मिनिटांनी तोच वेग परत लावतात. सलाइनचं मीठ अंगात राहतं, घरी जाऊन तहान लागते, पुढच्या खेपेला वजन आणखी चढतं. गोळे येऊ नयेत म्हणून मशीनवर सोडियम चढवून ठेवण्याची युक्तीही अशीच उधारीची: आज पोटरी वाचते, उद्या घसा कोरडा पडतो.

त्यापेक्षा साधे उपाय कामाचे. द्रावणाचं, म्हणजे पडद्यापलीकडून वाहत रक्तातला कचरा उचलणाऱ्या पाण्याचं, तापमान ३७ ऐवजी ३५.५ ते ३६ ठेवलं की वाहिन्या आकसून राहतात आणि बीपी टिकतो. थोडी थंडी वाजते, शाल न्यावी. बीपीच्या कोणत्या गोळ्या डायलिसिसच्या सकाळी टाळायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि मशीनवर असताना डबा उघडू नये. खाल्लं की रक्त पोटाकडे धावतं, आणि ज्याचा बीपी आधीच काठावर आहे त्याचा पोह्याच्या चौथ्या घासाला पडतो. मधुमेही माणसाला उपाशी ठेवा असं यात नाही. खाणं आधी उरकून यावं, शर्करा मधे तपासून घ्यावी.

कोरडं वजन एकदा ठरलं की दगडावरची रेघ, असं समजणारी सेंटरं पुष्कळ. डायलिसिस लागू पडली की पहिल्या काही महिन्यांत माणसाची भूक परत येते, अंगावर खरं मांस चढतं. आकडा ५२ च ठेवला तर मशीन मांसाच्या जागी पाणी समजून ओढत राहतं. उलट तापानं माणूस खंगला आणि आकडा तोच राहिला, तर ‘वजन बरोबर आहे’ म्हणत फुप्फुसात पाणी साठू देतात, आणि रात्री आडवं पडलं की दम लागतो. महिन्यातून एकदा तरी डॉक्टरांनी हा आकडा पुन्हा तपासला का, हे फाइलमध्ये दिसलं पाहिजे.

आता सफाईचं काम. युरियाच्या, म्हणजे रक्तात साठणाऱ्या कचऱ्याच्या, बाबतीत ही सेवा चोख आहे. आधीच्या आणि नंतरच्या युरियातली घट निदान ६५ टक्के हवी. केटी भागिले व्ही (Kt/V) हा सफाई पुरेशी झाली का ते सांगणारा आकडा रिपोर्टवर असेल तर किमान १.२, आणि नजर १.४ वर. नमुना कसा घेतला यावर मात्र सगळं अवलंबून. नंतरचं रक्त घेताना पंप मिनिटाला १०० मिलीवर आणून १५ सेकंद थांबून, पेशंटकडून मशीनकडे जाणाऱ्या बाजूनं घ्यायचं असतं. घाईनं चुकीच्या नळीतून घेतलं की मशीननं नुकतंच धुतलेलं रक्त नळीत येतं आणि रिपोर्ट बघून सगळे खूश होतात. घट ८५ टक्के आणि माणूस खाजवतोय, जेवण जात नाही, तर नमुन्यावर शंका घ्यावी.

पोटॅशियमच्या बाबतीत सेवा अर्धीमुर्धी. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. मशीनच्या हाती लागतं ते बाहेरचं. डायलिसिस संपल्यावर काही तासांत आतलं बाहेर येऊन पातळी पुन्हा वर सरकते. आठवड्यातून तीनदा येणाऱ्यालाही एकदा दोन दिवसांचा खंड पडतोच, आणि मृत्यू आणि इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण त्या खंडानंतर जास्त असतं. नेमका तो खंड अनेकांचा शनिवार-रविवारी येतो, घरी पाहुणे येतात, आणि कुणीतरी प्रेमानं शहाळं फोडतं. शहाळं नको. ‘लो सोडियम’ मीठ तर मुळीच नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. कोकणात आणि गोव्यात परसातलं करमल, कापलं की चांदणी दिसते ते आंबट फळ, डायलिसिसच्या माणसानं एक फोडही खाऊ नये. त्यातलं विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. न थांबणाऱ्या उचक्या हे पहिलं लक्षण, त्यानंतर भ्रम आणि झटके. अशी उचकी लागली तर घरी साखर चघळत बसू नये, इस्पितळ गाठावं.

फॉस्फरसला सेवा नापास. एका खेपेत साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम निघतं, आणि जवळपास तेवढं रोजच्या जेवणात असतं. आठवड्याचा हिशोब जुळणारच नाही. म्हणून जेवणातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी, कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलामर. ही गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची; जेवणानंतर तासाभरानं घेतली तर पोटात बांधायला फॉस्फरस उरलेलंच नसतं. दर खेपेला ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही द्रावणाबरोबर गटारात जातात. मूत्रपिंड बिघडलं तेव्हा बंद केलेली डाळ, अंडी डायलिसिस सुरू झाल्यावरही बंदच ठेवणारी घरं भेटतात. इथे उलट प्रथिनं वाढवायची असतात, किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम.

पहिल्या दोन-तीन खेपांचं वेगळं आहे. तेव्हा ‘पूर्ण चार तास द्या’ म्हणून भांडू नये. रक्तातला युरिया झपाट्यानं उतरला आणि मेंदूतला मागे राहिला, तर पाणी मेंदूत शिरतं. डोकेदुखी, उलटी, जास्त झालं तर झटके. म्हणून सुरुवात दोन तासांनी, रक्ताचा वेग मिनिटाला १५० ते २०० मिली ठेवून. पुढे तो ३०० च्या घरात नेतात.

आरओची, म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची, खोली दाखवा, असं म्हटल्यावर सेंटरचा चेहरा कसा होतो ते बघा. द्रावण मिनिटाला ५०० मिली वाहतं; चार तासांत १२० लिटर पाणी रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावरून जातं. पिण्याच्या पाण्यात चालतं ते इथे चालत नाही. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन, क्लोरामाइन कार्बनच्या टाकीत अडकलं नाही तर लाल पेशी फुटतात. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं मीठ संपलं आणि आरओचा पडदाही थकलेला असला तर कॅल्शियम-मॅग्नेशियम पार होतं: मळमळ, उलट्या, बीपी वर. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं गेलं तर हाडं आणि मेंदू दोन्ही बिघडतात. आणि एकाच शिफ्टमधल्या तीन-चार जणांना तासाभरात हुडहुडी भरली, तर त्यांना ब्लँकेट देऊन भागत नाही, पाणी तपासायला पाठवायचं असतं. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी सुरू झालं की हे सगळं जास्त जपावं लागतं. भिंतीवर रोजची नोंदवही हवी, प्रत्येक शिफ्टआधी एकूण क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत, आणि जंतूंच्या तपासणीचा महिन्याचा रिपोर्ट. वही आहे पण सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातानं, एकाच दिवशी लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय ते समजा.

डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी पडद्याची नळी, धुऊन पुन्हा वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं. नीट केलं तर ते पाप नव्हे. नळीवर पेशंटचं नाव, कितवा वापर, तारीख. आतली जागा मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की फेकायची. निर्जंतुकीचं रसायन उरलं नाही ना हे पट्टीनं बघूनच लावायची. हेपॅटायटिस बी असेल तर मशीन वेगळं आणि नळीचा पुनर्वापर नाही. परवडत असेल तर दर वेळी नवी घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहणाऱ्यानं हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, डायलायझरबद्दलही विचारावं: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे मोठं प्रथिन साध्या नळीतून निघतच नाही, सांध्यांत साठतं, आणि काही वर्षांनी हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात.

फिस्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडून केलेली जागा, हे सेंटरचं नव्हे, तुमचं सामान. मनगटाजवळची फिस्चुला पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालायची पाळी येण्याआधीच करून घ्यावी. कॅथेटरमधून होणारा जंतुसंसर्ग थेट रक्तात जातो. सकाळी उठल्यावर त्या जागेवर बोटं ठेवून थरथर बघावी. थरथर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी नाही. सुई दर खेपेला त्याच भोकाजवळ टोचणाऱ्या टेक्निशियनला प्रेमानं थांबवा. तिथली भिंत पातळ होऊन फुगा येतो. सुया काढल्यावर दहा मिनिटं दोन बोटांनी दाब पुरतो. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल आणि हे वारंवार होत असेल, तर पुढे शीर अरुंद झाली असण्याची शक्यता असते. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनला दोष देऊन सोडू नये.

पैशांचं थोडक्यात: प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. फुकट आहे म्हणून वेळेत काटछाट चालवून घेऊ नका, तिथेही चार तास म्हणजे चार तास.

सेंटर पन्नास किलोमीटरवर असेल किंवा दर खेपेला बीपी पडत असेल, तर पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारा. दोन लिटर द्रावणाची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढून नवी भरायची, दिवसातून अशा तीन-चार अदलाबदली, घरीच. पाणी दिवसभर हळूहळू निघतं, त्यामुळे हृदयावर एकदम ताण नाही, आणि उरलीसुरली लघवी जास्त काळ टिकते. द्रावणात साखर असते, वजन आणि शर्करा वाढू शकते, प्रथिनं रोज जातात. खरी भीती पोटातल्या जंतुसंसर्गाची. हात धुण्यात, टोक जोडण्यात चालढकल करणाऱ्या घरानं याच्या वाटेला जाऊ नये. बाहेर आलेल्या पाण्यातून पिशवीपलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. अक्षरं धूसर दिसली तर ती पिशवी ओतून टाकू नका, तशीच बांधून सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.